जेनोआ: चर्च आणि संग्रहालयं नीट बघायची तर

इटलीला जाणारे आपले बहुतेक लोक रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असा रस्ता धरतात आणि जेनोआ राहून जातं. जे जातात त्यांतले बरेच क्रूझच्या जहाजातून उतरतात, बंदरावरचं मत्स्यालय बघतात आणि परत जहाजावर चढतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. भूमध्य समुद्रातल्या व्यापारावर आणि राजेरजवाड्यांना दिलेल्या कर्जांवर या शहराची काही घराणी शतकानुशतकं श्रीमंत होत गेली आणि त्यांनी तो पैसा दोन ठिकाणी ओतला: आपापल्या चर्चमध्ये आणि आपापल्या वाड्यांमध्ये. ते वाडे म्हणजेच आजची संग्रहालयं. म्हणून इथे चर्च आणि संग्रहालय ही दोन वेगळी कामं समजू नका. डोरिया घराण्याचा सेनापती ज्या चर्चच्या तळघरात पुरलेला आहे, तिथून थोडं चालत गेलं की त्याच घराण्यातल्या एका वंशजाचं चित्रकार रूबेन्सनं रंगवलेलं चित्र बघायला मिळतं. डोरिया, स्पिनोला, ग्रिमाल्दी, फिएस्की, ब्रिन्योले-साले, लोमेल्लिनी ही नावं आधी तोंडपाठ करून गेलात तर निम्मं शहर आपोआप उलगडतं.

यासाठी दोन पूर्ण दिवस हवेत. तिसरा अर्धा दिवस मिळाला तर सोनं. जहाजातून फक्त सहा-सात तासांसाठी उतरणाऱ्यांसाठी वेगळा, आटोपशीर मार्ग शेवटी दिला आहे.

जाण्याआधी काय ठरवायचं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चर्चचं घड्याळ. जेनोआतली बरीच चर्च सकाळी उघडतात, दुपारी बाराच्या आसपास बंद होतात आणि तीन-साडेतीन किंवा चारनंतर पुन्हा उघडतात. संग्रहालयं दुपारभर उघडी असतात. त्यामुळे दिवसाचा साचा एकच ठेवा: सकाळी चर्च, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी पुन्हा चर्च. हा क्रम उलटा केला की दुपारी एक वाजता बंद दारं बघत उन्हात फिरणं नशिबी येतं.

वार बघून तारखा ठरवा. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून सोमवार प्रवासात घालवा. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, चालू असते. त्या वेळी पर्यटक म्हणून आत हिंडणं बरं दिसत नाही आणि बऱ्याच ठिकाणी हिंडूही देत नाहीत. वसई-गोव्याकडच्या ज्यांना मिस्सेलाच बसायचं आहे त्यांनी दारावरचा वेळेचा कागद आदल्या दिवशीच बघून ठेवावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो. जेनोआत त्यात पलाझ्झो रेआले आणि पलाझ्झो स्पिनोला येतात. व्हिया गारिबाल्दीवरची संग्रहालयं महापालिकेची आहेत, त्यांना हा नियम धरून चालू नका. त्या मोफत रविवारी गर्दी मात्र दणकून असते. आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर पैसे भरून आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलेलं बरं.

तारखा हातात असतील तर आणखी दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे 'रोल्ली डेज'. वसंतात आणि शरद ऋतूत ठरावीक दिवशी एरवी बंद असलेले खासगी वाडे लोकांसाठी उघडतात. काही वाड्यांसाठी आधी नाव नोंदवावं लागतं. दुसरी म्हणजे २४ जून, संत योहान बाप्तिस्ताचा सण. तो शहराचा रक्षक संत. त्या दिवशी त्याच्या अस्थींची मिरवणूक कथीड्रलपासून बंदरापर्यंत जाते आणि समुद्राला आशीर्वाद दिला जातो. आदल्या रात्री चौकात मोठी होळी पेटते.

बॅगेत काय असावं? खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. उन्हाळ्यात बिनबाह्यांचं घातलं असेल तर एक ओढणी पुरते. चर्चमधला अंधार मोठा असतो आणि काही ठिकाणी चित्रावरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागतो, तोही थोडाच वेळ. म्हणून पन्नास सेंट आणि एक युरोची सुटी नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवा. छतावरची चित्रं बघायला छोटी दुर्बीण असेल तर फारच छान. आणि बूट चांगल्या पकडीचे हवेत. या शहरात सपाट रस्ता कमी आणि दगडी पायऱ्या जास्त.

पोचणं आणि मुक्काम

मिलानहून रेल्वेनं साधारण दीड ते दोन तास. रेल्वेच्या फलकांवर शहराचं इटालियन नाव 'जेनोवा' लिहिलेलं असतं. मोठी स्टेशनं दोन: पश्चिमेला पियाझ्झा प्रिन्चिपे आणि पूर्वेला ब्रिन्योले. कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते तिकिटावर बघून घ्या. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाही तर दंड बसतो.

जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांना तिथे 'कारुज्जी' म्हणतात. काही इतक्या चिंचोळ्या की दोन्ही बाजूंच्या सहा-सात मजली इमारतींमधून आकाशाची एक फीत तेवढी दिसते. फोनचा नकाशा इथे हमखास गोंधळतो. त्यावर उपाय सोपा आहे: जमीन बंदराकडे उतरत जाते. उतार धरला की समुद्र, चढ धरला की वरचे मोठे रस्ते. राहायला दे फेर्रारी चौक किंवा ब्रिन्योलेच्या बाजूची जागा घ्या. प्रिन्चिपेजवळ, विशेषतः व्हिया दी प्रेच्या आसपास स्वस्त खोल्या मिळतात, पण रात्री त्या गल्ल्या फारशा मोकळ्याढाकळ्या वाटत नाहीत. मेट्रोची एकच लाइन आहे आणि ती आपल्या कामाची आहे: प्रिन्चिपे, दार्सेना, सान जॉर्जो, सार्झानो, दे फेर्रारी, ब्रिन्योले.

पहिली सकाळ: सान लोरेन्झो

दे फेर्रारी चौकातलं मोठं कारंजं मागे टाकून पाच मिनिटं चालायचं. कथीड्रलचे काळे-पांढरे आडवे पट्टे लांबूनच दिसतात. जेनोआत असे पट्टे मिरवण्याचा मान कथीड्रलला आणि मोजक्या थोर घराण्यांनाच होता असं सांगतात. डोरियांच्या चर्चवर तेच पट्टे दिसतील तेव्हा हे आठवा.

आत शिरायची घाई करू नका. पायऱ्यांवर उभं राहून मधल्या दारावरचं कोरीवकाम वाचा. वर ख्रिस्त, खाली लोखंडी जाळीवर भाजला जाणारा संत लॉरेन्स, ज्याच्या नावानं हे चर्च आहे. दाराच्या दोन्ही अंगांना रंगीत दगडांचे पिळदार खांब आहेत. ही घडण तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, फ्रान्सकडून आलेल्या शैलीतली. मग उजव्या कोपऱ्यावर जा. तिथे एक उभा पुतळा छातीशी गोल चकती धरून आहे. ती सूर्यघटिका. चकती धार लावायच्या दगडासारखी दिसते म्हणून गावकऱ्यांनी त्याला 'चाकूला धार लावणारा' करून टाकलं आणि तेच नाव चिकटलं.

पोप गेलासियस दुसरा यानं १११८ साली या चर्चचा अभिषेक केला. १२९६ मध्ये शहरातल्या गटांच्या मारामारीत ते जळलं आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी आतला भाग नव्यानं उभा राहिला. आत गेल्यावर उजवीकडच्या भागात भिंतीशी एक भला मोठा तोफगोळा ठेवलेला दिसेल. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमारानं समुद्रातून जेनोआवर मारा केला. त्यातला एक गोळा कथीड्रलची भिंत फोडून आत आला, पण फुटला नाही. शेजारच्या संगमरवरी फलकावर मारियामातेचे आभार मानले आहेत. जेनोआचे लोक नातवंडांना घेऊन येतात ते आधी इथेच थांबतात. छताकडे बघा, मग गोळ्याकडे. त्या सकाळी काय टळलं ते कळायला दुसऱ्या कुठल्या माहितीची गरज लागत नाही.

डाव्या अंगाला संत योहान बाप्तिस्ताचं चॅपल आहे. पहिल्या क्रूसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या वेळी, अकराव्या शतकाच्या अखेरीस, जेनोआच्या खलाशांनी त्याच्या अस्थी इथे आणल्या अशी श्रद्धा आहे. योहानाचा शिरच्छेद एका बाईच्या हट्टापायी झाला म्हणून या चॅपलमध्ये एके काळी बायकांना येऊ देत नसत. इथले मारियामाता आणि योहान यांचे पुतळे आंद्रेआ सान्सोव्हिनोचे आहेत. मुख्य वेदीच्या उजवीकडच्या चॅपलमध्ये फेदेरिको बारोच्चीचं १५९६ चं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं मोठं चित्र आहे. तिथे निवांत थांबा.

आता खजिन्याचं संग्रहालय. चर्चच्या आतूनच तिकीट काढून खाली उतरायचं. बरेच लोक हे सोडून देतात, आणि मला विचाराल तर शहरातलं एकच तिकीट परवडणार असेल तर ते हे घ्या. वास्तुकार फ्रांको अल्बिनीनं १९५६ मध्ये जमिनीखाली गोल दालनं बांधली. भिंती काळसर दगडाच्या, उजेड फक्त वस्तूंवर. मधोमध 'साक्रो कातिनो' आहे: हिरव्या काचेचं षट्कोनी पात्र. गुल्येल्मो एम्ब्रियाको नावाच्या जेनोआच्या सरदारानं ११०१ मध्ये सीझरियाच्या लुटीतून ते आणलं. शतकानुशतकं लोक ते पाचूचं समजत होते आणि येशूच्या शेवटच्या भोजनातलं मानत होते. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला गेलं, १८१६ मध्ये परत आलं ते फुटलेल्या अवस्थेत, आणि तोवर ते काच असल्याचंही कळलं होतं. आज जोडलेले तुकडे आणि एका तुकड्याची रिकामी जागा स्पष्ट दिसते. जवळच कॅल्सेडनी दगडाची रोमन थाळी आहे, तिच्या मधोमध नंतर बसवलेलं योहानाचं सोन्याचं छोटं शिर. २४ जूनच्या मिरवणुकीतली चांदीची पेटीही इथेच आहे. तिच्या प्रत्येक बाजूवर योहानाच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, त्यामुळे चारी बाजूंनी फिरून बघा.

तीच सकाळ: जेझू आणि सान मत्तेओ

बाहेर पडून दे फेर्रारीच्या दिशेनं मागे वळलं की मत्तेओत्ती चौकात जेझू चर्च. प्रवेश मोफत. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस बघितलेल्यांना हे चर्च लगेच जवळचं वाटेल, कारण दोन्ही एकाच, जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाची. मुख्य वेदीवरचं 'सुंता' हे रूबेन्सचं चित्र १६०५ चं, आणि बॉम जीझसचा अभिषेकही १६०५ मधलाच. डावीकडच्या चॅपलमध्ये रूबेन्सचंच दुसरं चित्र आहे: संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचे चमत्कार. उजवीकडे ग्वीदो रेनीचं मारियेचं स्वर्गारोहण. दोन्ही रूबेन्स पल्लाविचिनो घराण्यानं करवून घेतले. युरोपात जी चित्रं बघायला तासभर रांग लावावी लागते त्या तोलाची ही चित्रं इथे रिकाम्या चर्चमध्ये, बाकावर बसून, फुकट बघता येतात. खिशातली नाणी इथे कामाला येतील.

मग सान मत्तेओ. कथीड्रलच्या मागच्या गल्लीतून दोन-तीन मिनिटं. एवढासा चौक, चारी बाजूंना डोरियांची जुनी घरं आणि मधे त्यांचं पट्टेदार चर्च, ११२५ मध्ये स्थापन झालेलं आणि १२७८ मध्ये पुन्हा बांधलेलं. दर्शनी भिंतीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर अक्षरं कोरलेली आहेत. ते आहेत घराण्याच्या आरमारी विजयांचे लेख. भिंतीतच एक रोमन काळातली दगडी शवपेटी बसवली आहे, लांबा डोरियासाठी. त्यानं १२९८ मध्ये कुर्झोलाच्या लढाईत व्हेनिसचा पराभव केला. त्याच युद्धाच्या काळात मार्को पोलो जेनोआच्या कैदेत पडला आणि तुरुंगात बसून त्यानं पिसाच्या रुस्तिकेल्लोला आपला प्रवास सांगितला. त्या वर्णनात आपल्या ठाण्याचं बंदरही आहे. आत तळघरात आंद्रेआ डोरियाची कबर आहे, माँतोर्सोलीनं घडवलेली. १५२८ मध्ये प्रजासत्ताकाची नवी घडी बसवणारा आणि नव्वदी ओलांडून १५६० मध्ये वारलेला हा सेनापती. तळघर बंद असेल तर तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा. बाहेर पडायच्या आधी शेजारचं चौदाव्या शतकातलं छोटं प्रांगण बघून घ्या.

पहिली दुपार: व्हिया गारिबाल्दी

व्हिया व्हेंतीचिंक्वे आप्रिले या रस्त्यानं वर गेलं की फोंताने मारोझे चौक लागतो आणि तिथून सुरू होते व्हिया गारिबाल्दी. हा रस्ता जेमतेम अडीचशे मीटरचा. १५५० नंतर घराण्यांनी गल्ल्यांतली गर्दी सोडून वरच्या अंगाला हा नवा रस्ता आखला आणि दुतर्फा वाडे बांधले. जेनोआच्या प्रजासत्ताकाला राजवाडा नव्हता, म्हणून १५७६ मध्ये वाड्यांच्या याद्या केल्या गेल्या. त्यांना म्हणत 'रोल्ली'. परदेशी राजे किंवा वकील आले की यादीतून चिठ्ठी काढायची आणि ज्याचं नाव निघेल त्यानं पाहुणचार करायचा. पाहुणा जितका मोठा तितका वाडा वरच्या यादीतला. २००६ पासून यातले ४२ वाडे युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

रोस्सो, बियान्को आणि तुर्सी या तिन्ही वाड्यांचं तिकीट एकच. आधी पलाझ्झो रोस्सो बघा, कारण ते सगळ्यात मोठं आणि पायांत ताकद असेपर्यंत बघायचं. ब्रिन्योले-साले घराण्याचा हा वाडा १८७४ मध्ये घराण्याच्या मारिया ब्रिन्योले-साले या वारसदारानं शहराला दिला. इथली चित्रकार वॅन डाइकनं रंगवलेली घराण्याची माणसं पाहा. घोड्यावरचा आंतोन ज्युलियो आणि त्याची बायको पाओलिना आदोर्नो, दोघंही तरुण. काळ्या-सोनेरी कपड्यातल्या पाओलिनाच्या चेहऱ्यावरचा ताठा आणि कोवळेपणा एकाच वेळी जाणवतो. चित्रकार विशीतला होता. जेनोआत काढलेल्या वर्षांनी तो घडला असं मला वाटतं. मग छतावर जा. काही भाग लिफ्टनं, पुढे जिन्यानं. गल्ल्यांत जे कधीच दिसत नाही ते वरून एकदम दिसतं: करड्या पाटीच्या दगडांची छपरं, चर्चचे मनोरे, बंदर आणि पलीकडे दीपस्तंभ.

समोरच्या पलाझ्झो बियान्कोत चित्रं कमी आणि दर्जा उंच. कारावाज्जोच्या नावानं ओळखलं जाणारं 'एक्के होमो' (लोकांपुढे उभा केलेला बंदिवान ख्रिस्त), मेम्लिंगचा आशीर्वाद देणारा ख्रिस्त, जेरार्ड डेव्हिडची चेर्व्हारा मठासाठी केलेली वेदी, व्हेरोनेझे, झुर्बारान. जेनोआचे व्यापारी फ्लांडर्सशी, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागाशी, व्यवहार करत, म्हणून इतकी फ्लेमिश चित्रं इथे. युद्धानंतर या वाड्याची मांडणी अल्बिनीनंच केली, सकाळच्या खजिन्याचा तोच वास्तुकार. भिंती रिकाम्या, चित्रांना श्वास घ्यायला जागा.

बियान्कोमधून बागेतून तुर्सीत जाता येतं. तुर्सी म्हणजे शहराची महापालिका. इथे प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे. तो मूळचा जेनोआचा, जन्म १७८२. ग्वार्नेरी देल जेझूनं १७४३ मध्ये घडवलेलं हे वाद्य त्यानं मृत्यूपत्रात शहराला दिलं. आवाज इतका दमदार की तो त्याला 'तोफ' म्हणायचा. लाकडावर हनुवटीच्या जागी पॉलिश झिजून गेलंय, तिथे नजर टाका.

चारच्या सुमाराला बाहेर पडून मागच्या पोर्तेल्लो चौकातून कास्तेलेत्तोची जुनी लिफ्ट घ्या. वर कठड्याशी दहा मिनिटं बसा, मग खाली येऊन संध्याकाळची दोन चर्च: सान सिरो आणि सान लुका. सान सिरो हे शहराचं मूळ कथीड्रल, आजची इमारत सोळाव्या शतकाच्या अखेरची. सान लुका एवढंसं, स्पिनोला आणि ग्रिमाल्दी या दोन घराण्यांचं मिळून. आत शिरलात की दोमेनिको पियोलानं रंगवलेलं सगळं छत अंगावर येतं, आणि १६४५ चं कास्तिल्योनेचं येशूजन्माचं चित्र बाजूच्या वेदीवर आहे. इथे दहा मिनिटं पुरतात, पण ती चुकवू नका.

दुसरा दिवस

मेट्रोनं सार्झानोला उतरा आणि खाली सान दोनातोकडे चालत या. अष्टकोनी मनोरा दुरूनच ओळखू येतो. आत डावीकडे योस फान क्लेव्हेचं तीन फळ्यांचं चित्र आहे: पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांचं बाळ येशूला वंदन. कपड्यांच्या जरीचा धागान् धागा मोजता येईल असं काम.

तिथून टेकडीवर सांता मारिया दी कास्तेल्लो, शहराच्या सगळ्यात जुन्या वस्तीतलं डोमिनिकन मठाचं चर्च. रोमन इमारतींचे खांब उचलून इथे पुन्हा वापरलेले आहेत. मठाचा भाग दाखवायला स्वयंसेवक असतात, बहुधा निवृत्त झालेली, शहरावर जीव असलेली माणसं. ते पैसे मागत नाहीत. निघताना पेटीत काही टाकावं. त्यांना वरचा सज्जा दाखवायला सांगा. तिथे जर्मनीतल्या राव्हेन्सबुर्गहून आलेल्या युस्तस नावाच्या चित्रकारानं १४५१ मध्ये काढलेलं भित्तिचित्र आहे: देवदूत गब्रिएल मारियेला निरोप सांगतोय. त्यातली खोली बघा. फडताळ, भांडी, टॉवेल, खिडकीतून दिसणारा आल्प्सकडचा मुलूख. इटलीच्या बंदरात बसून त्यानं आपल्या गावचं घर रंगवलं.

उताराने खाली आलात की बंदरासमोर पलाझ्झो सान जॉर्जो, १२६० मधली इमारत. मार्को पोलोचा तुरुंग हाच असं मानतात. १४०७ मध्ये स्थापन झालेल्या सान जॉर्जो बँकेचं हे पुढे ठाणं झालं. आज बंदराच्या कारभाराची कचेरी आहे, म्हणून बाहेरूनच बघायचं. दोन पावलांवर बान्की चौकात सान पिएत्रो चर्च आहे. नीट बघा, चर्च पहिल्या मजल्यावर आणि खाली दुकानं. सोळाव्या शतकात प्लेगनंतर नवस फेडायला हे बांधलं, आणि बांधकामाचा पैसा खालची दुकानं विकून उभा केला. जेनोआचा स्वभाव एका इमारतीत बघायचा तर ही.

दुपार झाली की पलाझ्झो स्पिनोला, पेल्लिच्चेरिया चौकात. १९५८ मध्ये स्पिनोलांनी हा वाडा सामानसुमानासह सरकारला दिला, त्यामुळे घर जसं होतं तसं बघायला मिळतं. स्वयंपाकघरही चुकवू नका. इथेच तो जोव्हान कार्लो डोरिया आहे, रूबेन्सनं रंगवलेला, घोड्यासकट अंगावर झेप घेणारा. सान मत्तेओतली कबर आठवून त्याच्यापुढे उभे राहा. आंतोनेल्लो दा मेस्सिनाचं 'एक्के होमो' मात्र आकारानं लहान, चटकन निसटून जाईल. गळ्यात दोर, डोळ्यांत पाणी, आणि तो थेट आपल्याकडे बघतोय.

व्हिया बाल्बीवरचं पलाझ्झो रेआले त्यानंतर. बाल्बींनी बांधलेला, मग दुराझ्झोंचा, १८२४ मध्ये सव्हॉय राजघराण्याकडे गेलेला. आरशांचं दालन सुंदर आहेच, पण मला इथली बाग जास्त आवडते. फरशी समुद्रकाठच्या काळ्या-पांढऱ्या गोट्यांची, चित्रं साकारत बसवलेली. खाली वाकून बघा. एकेक गोटा उभा रोवलेला आहे. अशी फरसबंदी इथल्या अनेक चर्चच्या अंगणातही असते, तिला 'रिस्सेऊ' म्हणतात.

संध्याकाळी पाचच्या आसपास त्याच रस्त्याच्या टोकाला सांतिस्सिमा अन्नुन्झियाता. बाहेरून उंच खांबांचा साधा दर्शनी भाग, आणि आत सोन्याचा पूर. हे लोमेल्लिनींचं चर्च. ट्युनिशियाच्या किनाऱ्यालगतच्या ताबार्का बेटावर पोवळं काढायचा मक्ता त्यांच्याकडे होता. ते पोवळं इथलं छत झालं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीत या चर्चचं मोठं नुकसान झालं होतं. परत निघताना दाराच्या वरच्या आतल्या भिंतीकडे बघा, प्रोकाच्चीनीचं शेवटच्या भोजनाचं अवाढव्य चित्र तिथे आहे. आत येताना त्याच्याकडे पाठ असते म्हणून ते अनेकांना दिसतच नाही.

तिसरा अर्धा दिवस

मुलं बरोबर असतील तर गालाता हे समुद्राचं संग्रहालय. सतराव्या शतकातल्या वल्ह्यांच्या गलबताची खऱ्या आकाराची प्रतिकृती, अमेरिकेला निघालेल्या इटालियन स्थलांतरितांची दालनं, आणि बाहेर पाण्यात 'नाझारियो साउरो' ही खरी पाणबुडी. तिच्यात शिरताना हेल्मेट देतात. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. मोठी मंडळी असतील तर त्याऐवजी बसनं स्तालयेनोची दफनभूमी. १८५१ पासूनची, प्रवेश मोफत. कमानींखाली संगमरवरात कोरलेली आख्खी कुटुंबं रडत उभी आहेत. कातेरिना कांपोदोनिकोचा पुतळा विचारून शोधा. ही बाई जत्रांमधून कडबोळ्यांसारखे गोल पाव आणि हेझलनटच्या माळा विकायची. आयुष्यभराची पुंजी घालून तिनं १८८१ मध्ये स्वतःचा पुतळा करवून घेतला. हातात तिचा माल, अंगावर सणाची शाल, आणि शालीची झालर दगडाची आहे यावर विश्वास बसत नाही. घराण्यांच्या या शहरात ती आपल्या पैशावर सरदारांच्या शेजारी उभी आहे.

खाणं, बसणं, स्वच्छतागृह

शाकाहारी माणसाचं जेनोआत उत्तम निभतं. फोकाच्चा सगळीकडे मिळतो. फारिनाता म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. आपल्या धिरड्याच्या चवीजवळ जाणारं. बंदरासमोरच्या सोत्तोरिपाच्या जुन्या कमानींखाली ते गरमगरम तुकड्यांत मिळतं. मात्र तिथे मासळीही तळतात आणि काही ठिकाणी फारिनातात छोटे मासे घालतात, म्हणून आधी विचारा. पेस्तो या तुळशीजातीच्या पानांच्या चटणीमध्ये लसूण आणि चीज असतंच. लसूण न खाणाऱ्यांनी अक्रोडाच्या सॉसमधलेही 'पान्सोती' (सारण भरलेला पास्ता) विचारूनच घ्यावेत.

कॉफी उभ्यानं काउंटरवर स्वस्त पडते, टेबलावर बसलात की दर वाढतो. गल्ल्यांत स्वच्छतागृह मिळणं कठीण, म्हणून प्रत्येक संग्रहालयातून निघताना सोय करून घ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी: सान लोरेन्झोचा खजिना आणि रोस्सोचं छत यांना पायऱ्या आहेत, जेझू आणि अन्नुन्झियाता तुलनेनं सोपी.

जहाजावरून उतरलेल्यांसाठी

सकाळी उतरलात की थेट मेट्रोनं दे फेर्रारी गाठा. सान लोरेन्झो खजिन्यासह, मग जेझू, मग सान मत्तेओ. एवढ्यात दुपार होईल. व्हिया गारिबाल्दीवर तिन्ही वाड्यांऐवजी फक्त रोस्सो, त्याच्या छतासकट. उतरताना सान लुकाच्या गल्लीवरून बंदराकडे या, सोत्तोरिपात फारिनाता खा. हातात तास उरला असेल तर स्पिनोला घ्या, मत्स्यालय नको. क्रूझचा धक्का तिथून चालत गाठता येतो, पण सामान आणि सुरक्षा तपासणीसाठी पाऊण तास हाताशी ठेवून निघा.